दोन गाड्या
(आल्बेर कामूच्या एका नाटकाच्या निमित्ताने)

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामाच्या युवा गटाने दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपल्यावर एक नाटक वाचावयास घेतले होते. आल्बेर कामू ह्या फ्रेंच लेखकाचे ते नाटक : 'ले ज्यूस्त', म्हणजे 'न्यायी माणसे'. पुण्याला सेमिनरीत शिकत असताना मी ते इंग्रजी अनुवादातून प्रथम वाचले होते आणि एक उदात्त शोकांतिका वाचल्याच्या समाधानात मिटून ठेवले होते. ह्या वेळी मात्र दुसऱ्या अंकाचे वाचन संपताच मागच्या बाकावरील एक तरुण उठून उभा राहिला. त्याच्या वडिलांच्या जमिनीचा दावा चौदा वर्षे चालू आहे. सातबाऱ्यावरचे नाव कसे बदलले, हे त्या कुटुंबाला आजवर कुणी धडपणे सांगितलेले नाही. तो म्हणाला, "फादर, त्या दोन मुलांना वाचवून काल्यायेवने काय मिळवलं? मला तर स्तेपानचंच बरोबर वाटतं. वरचा एखादा पडल्याशिवाय खालचं काही हलत नाही."

सभागृहात कुणी हसले नाही. मीही त्याला त्या संध्याकाळी समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा, काहीसा उशिरा केलेला, प्रयत्न आहे.

बग्गीतली मुले

हे नाटक १९४९ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये रंगभूमीवर आले. त्याचे कथानक इतिहासातून घेतलेले आहे. १९०५ साली रशियातील समाजवादी क्रांतिकारक पक्षाच्या एका लढाऊ गटाने झारचा काका ग्रँड ड्यूक सर्गेई ह्याला ठार मारण्याचा कट रचला. सर्गेई हा काही निरुपद्रवी राजपुरुष नव्हता. १८९१ पासून तो मॉस्कोचा गव्हर्नर-जनरल होता आणि त्याच्या अमदानीत त्या शहरातून हजारो ज्यूंना हुसकावून लावण्यात आले होते. बॉम्ब टाकण्याची कामगिरी इव्हान काल्यायेव ह्या तरुण कवीवर सोपवली होती. १५ फेब्रुवारीच्या संध्याकाळी बग्गी समोर आली तेव्हा त्याला आत ड्यूकबरोबर त्याची पत्नी आणि दोन लहान पुतणे-पुतणी बसलेली दिसली. त्याने उचललेला हात खाली घेतला. दोनच दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, ड्यूक एकटाच होता. त्या दिवशी क्रेमलिनच्या आवारात बॉम्ब पडला. काल्यायेवला मे महिन्यात फाशी देण्यात आली.

कामूने आपल्या नायकाचे खरे नावही बदललेले नाही. ह्या तरुणाविषयी त्याला वाटणारा आदर त्यातून दिसतो. नाटकाचा गाभा दुसऱ्या अंकात आहे. हात आखडून परतलेल्या काल्यायेवला स्तेपान जाब विचारतो. स्तेपान तुरुंगातून पळून आलेला आहे, त्याच्या पाठीवर चाबकाचे वळ आहेत. त्याचा युक्तिवाद असा की, ह्या दोन मुलांचा जीव वाचला म्हणून आणखी कित्येक वर्षे हजारो रशियन मुले भुकेने मरत राहतील. काल्यायेवचे आणि डोरा ह्या त्याच्या सहकारी तरुणीचे म्हणणे असे की, ज्या न्यायासाठी आपण मरावयास निघालो आहोत, त्या न्यायाच्या नावाने मुले मारली तर उद्याची जनता त्याच क्रांतीचा द्वेष करील.

आपल्याकडे ह्या अंकाविषयी बोलताना काल्यायेवची बाजू घेऊन मोकळे होण्याचा प्रघात आहे. मीही तसेच करीत आलो. पण स्तेपानचा प्रश्न खोटा नाही. भुकेने मरणाऱ्या मुलांविषयी तो बोलतो तेव्हा तो कल्पनेतले बोलत नसतो. अन्याय हा रोजचा आणि संथ असतो, म्हणून तो हिंसाचार वाटत नाही. बॉम्ब एकाच क्षणात फुटतो, म्हणून तो वाटतो. एवढी गोष्ट मान्य केल्याशिवाय स्तेपानशी, आणि आमच्या मागच्या बाकावरील तरुणाशी, प्रामाणिकपणे बोलता येणार नाही.

पोप सहावे पॉल ह्यांनीही ही गोष्ट नाकारलेली नाही. १९६७ च्या 'पॉप्युलोरुम प्रोग्रेसियो' ह्या परिपत्रकात त्यांनी क्रांतिकारक उठावांविषयी सावध करताना, त्यांतून नवे अन्याय जन्मास येतात असे सांगितले. परंतु उघड आणि दीर्घकाळ चाललेल्या जुलमी सत्तेचा अपवादही त्याच वाक्यात नमूद केला. तेव्हा अंतिम उत्तर एका वचनाने मिळेल अशी अपेक्षा आपण करू नये. ज्यावर वाद घालता येतो तो प्रश्न वेगळा आहे : मुले नसलेल्या बग्गीवर बॉम्ब पडला, त्याने बदलले काय?

इतिहासाची साक्ष

माझ्या मते नाटकाची खरी उणीव इथे आहे. काय करण्याचा अधिकार आहे, हा प्रश्न कामू फार खोलवर जाऊन विचारतो. त्याने काय घडले, हे तो जवळजवळ विचारीतच नाही. त्याच्या दृष्टीने काल्यायेव प्राणाच्या मोबदल्यात प्राण देतो आणि म्हणून निर्मळ राहतो. हिशेब तिथे पुरा होतो. पण तो हिशेब काल्यायेवच्या सदसद्विवेकाचा आहे, रशियाचा नव्हे.

रशियाचा हिशेब पाहू. १३ मार्च १८८१ रोजी क्रांतिकारकांनी झार दुसरा अलेक्झांडर ह्याला बॉम्बने ठार केले. भूदासांना मुक्त करणारा झार तो हाच. निवडून आलेल्या काही प्रतिनिधींना कायदे करण्याच्या कामात सल्लागार म्हणून घेण्याच्या एका मर्यादित योजनेला त्याने त्याच दिवशी सकाळी संमती दिली होती. त्याच्या मुलाने ती योजना बाजूस सारली आणि अनियंत्रित राजसत्ता अभंग राहील असा जाहीरनामा काढला. बॉम्बने झार गेला. झारशाही अधिक कडवी झाली.

ह्याच्या उलट बाजूचा पुरावाही मी लपवू इच्छीत नाही. जुलै १९०४ मध्ये गृहमंत्री प्लेव्हे ह्याची हत्या झाली आणि त्याच्या जागी सौम्य वृत्तीचा मंत्री आला. वृत्तपत्रांवरील बंधने थोडी सैल झाली, लोक मोकळेपणाने बोलू लागले. म्हणजे बॉम्बने काहीच होत नाही, असे म्हणता येत नाही. पण ही मोकळीक जेमतेम काही महिने टिकली. २२ जानेवारी १९०५ रोजी गापोन ह्या धर्मगुरूच्या मागोमाग पवित्र चित्रे हातांत घेऊन निघालेल्या कामगारांवर राजधानीत गोळ्या झाडण्यात आल्या आणि तो सौम्य मंत्रीही गेला. माणूस बदलला होता. हुकूम देण्याची आणि तो पाळण्याची रीत जशीच्या तशी होती.

त्याहून विषण्ण करणारी गोष्ट पुढे उघडकीस आली. प्लेव्हे आणि सर्गेई ह्या दोघांच्याही हत्या ज्या लढाऊ संघटनेने घडवून आणल्या, तिचा प्रमुख येव्हनो आझेफ हा अनेक वर्षे पोलिसांचा पगारी हस्तक होता, हे १९०८ च्या अखेरीस सिद्ध झाले. गुप्ततेवर उभे राहिलेले हे कार्य गुप्त पोलिसांशी इतके एकजीव झाले होते की, कोण कुणाला वापरीत आहे हे ओळखणे कठीण व्हावे. कामूने ज्यांचा आधार घेतला त्या साविन्कोव्हच्या आठवणींत आझेफ ठळकपणे आहे; नाटकात तो नाही. नाटककाराला आपली पात्रे निवडण्याची मुभा असते, हे खरे. पण आझेफ रंगमंचावर आला असता, तर 'न्यायी माणसे' हे शीर्षक पेलणे फार अवघड झाले असते.

आणि ज्या मुलाला काल्यायेवने वाचवले, त्याचे पुढे काय झाले? तो दिमित्री मोठा झाला आणि १९१६ च्या डिसेंबरात रास्पुतिनच्या हत्येत सामील झाला. एक माणूस मारला की राजसत्ता सावरेल, अशी त्या उमराव मंडळींची समजूत होती. अडीच महिन्यांत राजसत्ता कोसळली, पण ती रास्पुतिन मेल्यामुळे नव्हे; ८ मार्च १९१७ रोजी राजधानीतील कामगार स्त्रिया भाकरी मागत रस्त्यावर आल्या, त्यांच्यामागून कारखाने बंद पडले आणि शेवटी शिपायांनी गोळ्या झाडण्यास नकार दिला, म्हणून. माणूस मारून व्यवस्था पालटते ही समजूत स्तेपानची होती, तशीच राजपुत्राचीही होती. ती गरिबाची वा श्रीमंताची नसून अधीर मनाची आहे.

फोका

मग व्यवस्था असते तरी कुठे? ह्याचे उत्तर, आश्चर्य असे की, कामूच्याच नाटकात आहे. चौथ्या अंकात काल्यायेव तुरुंगात आहे. त्याची कोठडी झाडावयास फोका नावाचा एक कैदी येतो. हा गरीब मनुष्य दारूच्या नशेत कुऱ्हाडीने तिघांचे खून करून बसला आहे आणि वीस वर्षांची शिक्षा भोगतो आहे. काल्यायेव त्याच्याशी बंधुभावाने बोलू लागतो. ज्या जनतेसाठी मरावयाचे, ती जनता आता समोर उभी आहे. बोलता बोलता कळते की, ह्या तुरुंगात फाशी देण्याचे काम फोकाकडेच आहे. एक फाशी दिली की त्याच्या शिक्षेतील एक वर्ष कमी होते.

बॉम्बचा आवाज नाटकात तिसऱ्या अंकाच्या शेवटी होतो. मला खरा स्फोट इथे ऐकू येतो. ग्रँड ड्यूक मेला आहे. त्याची जागा कुणीतरी घेईल. पण ज्याच्या हातात दोर आहे तो फोका जिवंत आहे, आणि तो दुष्ट नाही. त्याला फक्त लवकर घरी जावयाचे आहे. व्यवस्था ती हीच. ती बग्गीत बसलेली नसते. लहान लहान भीतींनी आणि लहान लहान सवलतींनी बांधलेल्या असंख्य फोकांच्या हातांवर ती उभी असते. बॉम्ब त्या हातांपर्यंत पोहोचत नाही. आणि पोहोचलाच तर पहिला बळी त्यांचाच घेतो. १७ फेब्रुवारीच्या स्फोटात बग्गी हाकणारा गाडीवानही जबर जखमी झाला आणि काही दिवसांनी मरण पावला. दुसऱ्या अंकातील सारा वाद मुलांविषयी आहे. गाडीवानाविषयी कुणी वाद घालीत नाही.

गेथशेमनी बागेतील प्रसंग इथे आठवल्याशिवाय राहत नाही. पेत्राने तलवार उपसली ती प्रमुख याजकाच्या व्यवस्थेविरुद्ध. कान तुटला तो मल्ख नावाच्या दासाचा. येशूने तो कान बरा केला. ह्या कृतीकडे आपण केवळ दयेचा चमत्कार म्हणून पाहतो. परंतु आपल्यावर चालून आलेल्या सत्तेचा सर्वांत खालचा माणूस येशूने त्या क्षणी ओळखला आणि त्याला शत्रूच्या यादीतून काढून टाकले, असाही तिचा अर्थ आहे.

चिखलात रुतलेली गाडी

फोकाला काल्यायेव संत दिमित्रीची एक दंतकथा सांगतो. संताला परमेश्वराने माळरानावर भेटीस बोलावले होते. तो घाईने निघाला असता वाटेत एका शेतकऱ्याची गाडी चिखलात रुतलेली दिसली. चिखल दाट होता, खळगा खोल होता. संताने तासभर खपून गाडी बाहेर काढून दिली आणि मग धावत भेटीच्या जागी गेला. परमेश्वर निघून गेला होता. ही कथा ऐकून फोका विचारतो, मग पुढे काय? काल्यायेवचे उत्तर असे की, काही माणसे भेटीला नेहमी उशिराच पोहोचणार, कारण रुतलेल्या गाड्या आणि मदत मागणारे भाऊ फार आहेत.

समीक्षकांनी ह्या कथेत काल्यायेवच्या श्रद्धेचा आणि देवापासून दुरावल्याचा अर्थ पाहिला आहे, आणि तो चूक नाही. मला मात्र तिच्यातील विसंगती अधिक बोलकी वाटते. नाटकात दोन गाड्या आहेत. एक ड्यूकची बग्गी, दुसरी शेतकऱ्याची रुतलेली गाडी. काल्यायेव कथा सांगतो दुसरीची. आयुष्य वेचतो पहिलीवर. रुतलेल्या गाडीला खांदा लावावयाचा असेल, तर चिखलात उतरावे लागते, तासभर राबावे लागते, आणि शेतकऱ्यालाही बरोबर जोर लावावयास सांगावे लागते. बग्गीला फक्त एक क्षण पुरतो.

त्याच वर्षी रशियात ही दुसरी गाडी हलली होती. १९०५ च्या सप्टेंबरात मॉस्कोतील एका मोठ्या छापखान्याच्या खिळे जुळाऱ्यांनी संप केला. कामाचे तास कमी करा, आणि अक्षरांप्रमाणे स्वल्पविराम-पूर्णविराम जुळवण्याचेही पैसे द्या, एवढीच त्यांची मागणी. साहित्याच्या वाचकांनी लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे! तो संप इतर छापखान्यांत पसरला, ऑक्टोबरात रेल्वे कामगारांनी गाड्या थांबवल्या, आणि पाहता पाहता साम्राज्याचा कारभार ठप्प झाला. ३० ऑक्टोबर रोजी झारने नागरी स्वातंत्र्ये आणि निर्वाचित विधिमंडळ मान्य करणारा जाहीरनामा काढला. बॉम्बांनी जे मिळाले नव्हते, ते लाखो हात एकाच वेळी थांबल्याने मिळाले. फोकांनी दोर खाली ठेवला होता.

तो विजय पुरा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. डिसेंबरात मॉस्कोत सशस्त्र उठाव झाला आणि तो तोफांनी चिरडण्यात आला. १९०७ साली मतदानाचा कायदा बदलून विधिमंडळाची धार बोथट करण्यात आली. तरीही तुलना नजरेआड करता येत नाही. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन ह्या अमेरिकन अभ्यासकांनी १९०० ते २००६ ह्या काळातील ३२३ लढ्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. त्यांत अहिंसक लढ्यांपैकी ५३ टक्के यशस्वी झाले होते, तर सशस्त्र लढ्यांपैकी २६ टक्के. आकडे सदसद्विवेकाची जागा घेऊ शकत नाहीत. परंतु शस्त्र हाच तेवढा व्यवहारी मार्ग आणि बाकी सारे भाबडेपण, हा समज त्यांनी नक्कीच हादरतो.

आपल्या देशाचाही ह्या कथेशी धागा आहे. सेनापती बापट आणि हेमचंद्र दास ह्यांनी पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडूनच बॉम्बची विद्या मिळवली होती. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी ह्यांनी एका इंग्रज न्यायाधीशाची समजून एका बग्गीवर बॉम्ब टाकला. आत केनेडी कुटुंबातील मायलेकी होत्या. दोघीही मरण पावल्या. त्या तरुणांच्या देशभक्तीविषयी कुणी शंका घेऊ नये. खुदिराम कोवळ्या वयात फासावर गेला. पण काल्यायेवला त्या संध्याकाळी जे दिसले ते दर वेळी दिसतेच असे नाही. बॉम्ब टाकणाऱ्याची निर्मळता अंधारात बग्गीच्या आत पोहोचत नाही. त्याच प्रकरणावरील 'केसरी'तील लेखांसाठी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. टिळक सुटले नाहीत. मात्र गिरणीतला माणूस आपल्या हाताचे बळ प्रथमच राजकारणासाठी वापरून पाहत होता.

शेवट

नाटकाच्या अखेरीस काल्यायेवच्या फाशीची हकीगत ऐकून डोरा पुढचा बॉम्ब आपल्या हाती मागते. मुलांसाठी बोलणारी, प्रेमाची आठवण करून देणारी डोरा ती हीच. तिची मागणी मान्य करा, ती आता माझ्यासारखी झाली आहे, असे स्तेपान म्हणतो. कामूने हा शेवट शोकात्म भव्यतेने रंगवला आहे. मला तो ह्या मार्गावरचा सर्वांत कठोर अभिप्राय वाटतो. एक ड्यूक गेला आणि एक डोरा गेली. झारशाही आहे तिथेच आहे. प्रेक्षकाला हे दाखवण्याचा प्रामाणिकपणा कामूने केला, म्हणून नाटक उणिवांसकट मोठे ठरते.

एका व्यक्तीचे नाटकाबाहेरील आयुष्यही इथे नोंदवले पाहिजे. ग्रँड ड्यूकची पत्नी एलिझाबेथ काल्यायेवला तुरुंगात खरोखरच भेटली होती आणि त्याच्या प्राणांसाठी तिने रदबदली केली होती. पुढे तिने आपले दागदागिने विकले आणि १९०९ साली मॉस्कोत मार्था आणि मारिया ह्यांच्या नावाने मठ व रुग्णालय उघडून ती गरिबांच्या सेवेत राहिली. १९१८ च्या जुलैत, नव्या व्यवस्थेच्या माणसांनी तिला उरल भागातील एका खाणीत ढकलून ठार केले. जुन्या सत्तेने काल्यायेवला मारले, नव्या सत्तेने एलिझाबेथला. वरची माणसे बदलली. फोकाला काम मिळतच राहिले.

आमच्या त्या तरुणाला मी म्हणेन, वरचा पडल्याशिवाय खालचे हलत नाही, हे तुझे म्हणणे उलटे करून पाहा. खालचे हलले की वरचा टिकत नाही. तुझ्या वडिलांच्या सातबाऱ्यावर ज्याने नवे नाव लिहिले, तो कुणी ड्यूक नव्हे. तो कुठलासा फोका असेल. तुझ्यासारखीच फसगत झालेली आणखी घरे ह्या पंचक्रोशीत आहेत. त्यांना एकत्र बसवणे हे चिखलातले काम आहे, त्याला टाळ्या मिळत नाहीत आणि त्यात वर्षे जातात, हे मला ठाऊक आहे. आणि चौदा वर्षे वाट पाहिलेल्या घराला 'धीर धर' असे सांगण्याचा अधिकार, स्वतः खांदा न लावणाऱ्या धर्मगुरूला नाही, हेही मला ठाऊक आहे.

पुढच्या शुक्रवारी तिसरा अंक वाचून झाल्यावर तो काही न बोलता निघून गेला होता. चौथ्या अंकाच्या दिवशी तो मागच्या बाकावर होता. फोकाचे संवाद कोण वाचणार, असे विचारले तेव्हा त्याने हात वर केला.